मातीत मुरलेलं विष आणि आपला अर्ज : बेळगाव सीमाभागातले नेहमीचे प्रश्न

डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) आवाराबाहेर बसून मी अर्ज लिहून देतो. समोरचा मराठीत सांगतो, मी कन्नडमध्ये उतरवतो. पूर्वी उतारा, वारसा, पेन्शन एवढंच असायचं. अलीकडं बाटली घेऊन येणारे वाढलेत. बाटलीत विहिरीचं पाणी, पिशवीत बांधावरची माती, आणि प्रश्न एकच : "हे कुणाला दाखवायचं?" त्यांना जे सांगत आलो ते इथं एकत्र केलंय. डोळ्यांपुढं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आहे. कारवार-हल्याळकडं किंवा बिदर-भालकीकडं कायदा हाच, ऑफिस तेवढं वेगळं.

दूषित जमीन म्हणजे नक्की कुठली? आमच्या बांधावर लोक कचरा टाकतात, ती दूषित झाली का?

लगेच नाही. प्लास्टिक, राडारोडा, कोंबडीची पिसं पडली तर तो कचऱ्याचा विषय. तो ग्रामपंचायतीनं किंवा महापालिकेनं उचलायचा. कायद्याच्या भाषेत दूषित जमीन म्हणजे जिच्या मातीत किंवा खालच्या पाण्यात घातक रसायन ठरलेल्या मर्यादेपलीकडं मुरलंय, आणि वरचा कचरा उचलूनही जे जात नाही.

यासाठी केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम काढले. आधार १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा. त्याआधी अशी जमीन सापडली तर ती शोधायची कुणी, तपासायची किती दिवसांत, खर्च कुणाचा, याची सरळ रीतच नव्हती. नियम आले तेव्हा देशभरात १०३ जागा ओळखलेल्या होत्या आणि साफसफाई जेमतेम ७ ठिकाणी सुरू झाली होती.

आमच्या भागात कुठल्या जागांवर नजर ठेवावी?

उद्यमबागेच्या किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत गेलात तर फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाची, काळी वाळू रस्त्याकडेला दिसते. लोक तिलाच सगळ्यात जास्त घाबरतात. माझ्या मते तिथं थोडी गल्लत होते. बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी घातलेली साधी मोल्डिंगची वाळू काळीकुट्ट दिसली तरी तुलनेनं सौम्य. कोरची, म्हणजे साच्याच्या आत बसवायच्या गाभ्याची, वाळू वेगळी. ती रेझिननं बांधलेली असते, त्यात फिनॉल असू शकतं, आणि ढिगावर पाऊस पडला की ते खाली झिरपतं. म्हणून "काळी वाळू टाकली" एवढंच लिहू नका. ढीग कुठल्या वाळूचा, ते फौंड्रीत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा. तो वासावरून सांगेल.

खरी भीती कमी दिसणाऱ्या गोष्टींची. प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देण्याच्या) छोट्या शेडमधला गाळ ओंजळभर असतो, पण त्यात क्रोमियम, निकेल असतं. जुन्या बॅटऱ्या फोडून परसात शिसं वितळवायचा धंदा दोन पोरं आणि एक भट्टी एवढ्यावर चालतो. धूर रात्री निघतो, सकाळी राख ओढ्यात. शिशाला वास नाही, रंग नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी सुरक्षित असं शिशाचं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ऊसपट्ट्यात डिस्टिलरीचा स्पेंटवॉश आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर तपकिरी पाणी उरतं. ते कारखान्याबाहेर सोडायला परवानगी नाही. तरी "खत आहे, फुकट देतो" म्हणून टँकर शेतात ओतला जातो, आणि आपलेच लोक हो म्हणतात. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या गळतात, हेही ध्यानात ठेवा. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढताना उरणारा लाल चिखल हा बेळगावला जुना माहितीचा. तो अतिशय अल्कलीयुक्त असतो. पण घातक कचऱ्याच्या नियमांत त्याला 'प्रमाण मोठं, परिणाम कमी' अशा वेगळ्या गटात घातलंय आणि त्याची मार्गदर्शक तत्त्वंही वेगळी आहेत.

पीक खुरटलंय, जमिनीवर पांढरा थर येतो. हे केमिकलच ना?

अथणी, रायबाग, चिकोडीकडून कुणी असं सांगत आलं तर मी आधी विचारतो : पाटाचं पाणी किती वर्षं देताय? पांढरा थर बहुतेक वेळा क्षारपडीचा असतो. पाणी जास्त, निचरा नाही, म्हणून क्षार वर येतात. त्यावर उपाय चर आणि जिप्सम. प्रदूषण मंडळाकडं जाऊन वर्ष फुकट घालवू नका.

रयत संपर्क केंद्रातून माती तपासली. कार्ड चांगलं आलं. मग काळजी नाही ना?

इथं बरेच जण फसतात. मृदा आरोग्य कार्डावर १२ गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. हे पिकाच्या जेवणाचं कार्ड. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा, तेल यांतलं त्यात काहीही तपासलेलं नसतं. कार्ड हिरवं आणि माती विषारी, असं होऊ शकतं. जड धातूंची तपासणी हवी असेल तर तसं नाव घेऊन मागावी लागते. धारवाडच्या कृषी विद्यापीठात किंवा मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत चौकशी करा. खर्च धातूगणिक वाढतो, तेव्हा आधी संशय नक्की करा, मग पैसे घाला.

पहिला अर्ज कुणाला द्यायचा? प्रदूषण मंडळालाच ना?

मंडळाला एक प्रत द्याच, पण मुख्य अर्ज स्थानिक संस्थेला. गावात ग्रामपंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला), शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आयुक्तांना अथवा मुख्याधिकाऱ्यांना, आणि जोडीला डीसींना.

कारण नव्या नियमांत सुरुवात तिथूनच होते. स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं स्वतःहून अथवा लोकांच्या तक्रारीवरून 'संशयित दूषित जागा' ओळखायच्या आणि दर सहा महिन्यांनी त्यांची यादी केंद्राच्या पोर्टलवर चढवायची. म्हणजे पीडीओ जेव्हा म्हणतो, "हे आमच्याकडं येत नाही, बोर्डाकडं जावा," तेव्हा ते बरोबर नाही. येतं. मी आता अर्जातच तसं वाक्य घालतो : सदर जागा संशयित दूषित जागा म्हणून यादीत घ्यावी. 'योग्य ती कारवाई व्हावी' या शब्दांवर आजपर्यंत कुणी खुर्चीतून उठलेलं मी तरी पाहिलं नाही.

ग्रामसभेत विषय मांडून ठराव घेतला तर फारच बरं. ठरावाचा नंबर अर्जावर असला की तो एका माणसाचा राहत नाही.

अर्जात काय काय हवं?

सर्व्हे नंबर. सगळ्यात आधी सर्व्हे नंबर.

ही माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एका शेतकऱ्याचा अर्ज मी झोकात लिहिला होता. ओढ्याचं वर्णन, मेलेले मासे, म्हशीनं तोंड लावायचं सोडलं, सगळं आलं. जागा लिहिली "गावच्या पूर्वेस ओढ्याकाठी". चार महिन्यांनी तो गडी परत आला. खताच्या पोत्याच्या प्लास्टिकमध्ये घडी करून जपलेलं उत्तर त्यानं पुढं ठेवलं. एकच ओळ होती : जागेचा बोध होत नाही. चार महिने गेले, त्यात एक पावसाळा गेला, आणि ढीग तिथून हललासुद्धा. त्यानं मला शब्दानं दुखावलं नाही, पण अर्जाचे पैसे मी परत दिले.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. सर्व्हे नंबर, गाव, होबळी (तालुक्यातला महसुली गट), तालुका. पहाणीची म्हणजे उताऱ्याची प्रत. ती नाडकचेरीत मिळते. मोबाईलवरचं अक्षांश-रेखांश. फोटो, त्यात तारीख आणि मागं ओळखू येईल अशी एखादी खूण : देऊळ, विजेचा खांब त्याच्या नंबरासह, नाहीतर पूल. कधीपासून, किती वाजता, टँकर की ट्रॅक्टर, गाडीचा नंबर दिसला असेल तर तो. जवळच्या विहिरी आणि बोअरवेल किती अंतरावर. कारखान्यावर संशय असला तरी 'त्यानंच टाकलं' असं लिहू नका, 'तिथून येताना पाहिलं' लिहा, आणि तेही खरंच पाहिलं असेल तरच. नाव शोधणं हे मंडळाचं काम आहे.

अर्ज दिल्यावर किती दिवसांत काय होतं?

नियमाप्रमाणं, माहिती मिळाल्यापासून ९० दिवसांत कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं, म्हणजे इथं बेळगावच्या प्रादेशिक कार्यालयानं, किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेनं प्राथमिक तपासणी करायची. त्यात मर्यादा ओलांडलेली दिसली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी : खोलवरची माती, भूजल, कुठल्या दिशेनं पसरतंय ते. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत नोंदलेल्या १८९ रसायनांच्या आधारानं हे ठरतं. जागा दूषित ठरली की ती जाहीर करायची, तिथं जाण्या-येण्यावर निर्बंध घालायचे, साफसफाईचा आराखडा तज्ज्ञ संस्थेकडून करून घ्यायचा. जबाबदार कोण हे शोधायलाही मंडळाला ९० दिवस आहेत.

आता मेख. तपासणीला मुदत आहे, पण जमीन अमुक वर्षांत साफ झालीच पाहिजे असं नियमात नाही. म्हणून ९१ व्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. प्राथमिक तपासणीचा अहवाल मागायचा, त्या कारखान्याच्या सीएफओची म्हणजे चालू ठेवण्याच्या संमतीपत्राची प्रत मागायची. सीएफओत काय टाकायला परवानगी आहे, किती, आणि गाळ कुठं पाठवायचा, हे सगळं लिहिलेलं असतं. घातक कचरा आवारात साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि तो नेताना गाडीबरोबर मॅनिफेस्टचा, म्हणजे कचरा कुठून कुठं जातोय त्याचा, कागद लागतो. हे कागद मागितले की पुष्कळदा उत्तराआधी ढीग हलतो. ढीग हलला म्हणून अर्ज मागं घेऊ नका, खालची माती तिथंच आहे.

मी स्वतः बाटली भरून नेली तर तो पुरावा होतो का?

कोर्टापुढं बहुधा नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते ठरलेलं आहे : मालकाला तिथंच सूचना, नमुन्याचे दोन भाग, सील, सही, मग मंडळाच्या प्रयोगशाळेत. तुमच्या बाटलीचा उपयोग मंडळाला जागेवर आणण्यापुरता.

आणि बाटलीसुद्धा नीट हवी. एक मावशी नारिंगी कोल्ड्रिंकच्या बाटलीतून विहिरीचं पाणी घेऊन आल्या होत्या. बूच काढलं तर रॉकेलचा भपकारा. मी म्हटलं, पंपाची टाकी गळतेय की काय? चौकशी करता करता कळलं, घरात त्या बाटलीत आधी दिवाबत्तीचं रॉकेल होतं. विहीर ठीक होती. तेव्हा नवी, कोरी बाटली, त्याच पाण्यानं तीनदा विसळून, काठोकाठ भरून, वर चिठ्ठी. तेलाचा संशय असेल तर प्लास्टिक नको, काचेची.

तोवर विहिरीचं पाणी प्यायचं का?

संशय असेल तर नको. उकळून काही होत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, धातू नाही, उलट पाणी आटतं आणि धातू दाट होतो. प्लेटिंगच्या शेडजवळच्या विहिरीचं पाणी पिवळसर झालं तर तातडीनं हलवा, क्रोमियमचं लक्षण असू शकतं. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. पंचायतीत जलजीवन मिशनचं तपासणी किट असतं. त्यात क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह असलं कळतं, शिसं-क्रोमियम कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच.

लोकांच्या जिवाला तात्काळ धोका असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडं वेगळा अर्ज करता येतो. सार्वजनिक उपद्रव हटवायचा हुकूम काढण्याचा अधिकार त्यांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली आहे. जुन्या वकिलांना हे आधीच्या फौजदारी संहितेतलं १३३ म्हणून पाठ असतं. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं रतलामच्या खटल्यात १९८० सालीच सांगून ठेवलंय.

बळ्ळारी नाल्याचं आणि तुरमुरीच्या कचरा डेपोचं काय? तिथं हे नियम लागतात का?

शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातला माणूस माझ्याकडं आला की नाल्यावर बोलल्याशिवाय उठत नाही. शहराचं सांडपाणी नाल्यात, पावसाळ्यात नाला भाताच्या पिकात, ज्या शिवारातली बासमती घराघरात पाहुण्यांसाठी ठेवली जायची. पण सांडपाणी हा मुळात जलप्रदूषण कायद्याचा विषय, आणि घनकचऱ्याचा डेपो घनकचरा नियमांचा. नवे नियम खाणी, किरणोत्सारी कचरा, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो यांना एरवी बाजूला ठेवतात. मात्र तिथंही रसायनाचं प्रमाण नियमांतल्या कृतीच्या मर्यादेपेक्षा वर गेलं, तर ती जागा साफ करणं या नियमांखाली येतं.

म्हणून नाल्याबद्दलच्या अर्जात मी दोन मागण्या वेगळ्या करतो. सांडपाणी थांबवा, ही एक. पूर ओसरल्यावर शेतात बसलेल्या गाळातले जड धातू तपासा, ही दुसरी. एकत्र लिहिलं की दुसरी कुणी वाचत नाही.

टाकणारा कारखाना बंद पडला, मालक गाव सोडून गेला. खर्च कुणाचा?

तत्त्व असं की ज्यानं घाण केली त्यानं भरायचं. तो सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य सरकारनं खर्चाची व्यवस्था करायची. राजस्थानातल्या बिछडी गावात एच-अ‍ॅसिड या रसायनाच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये हे तत्त्व ठासून मांडलं. वसुलीसाठी मात्र २०११ मध्येही त्याच कोर्टाला पुन्हा हुकूम काढावा लागला. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा पिथमपूरला हलला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे दुर्घटनेला चाळीस वर्षं झाल्यावर. लवकर होईल असं मी कुणाला सांगत नाही.

साफ करतात म्हणजे काय करतात?

थोडी जागा असेल तर माती खणून घातक कचऱ्याच्या सुरक्षित भूभरावात नेतात. नेणं परवडत नसेल तर वर मातीचा-प्लास्टिकचा जाड थर घालून पाऊस आत जाणार नाही असं झाकतात. विष तिथंच राहतं, पसरत नाही. भूजल बिघडलं असेल तर उपसून, शुद्ध करून सोडतात. तेल असेल तर जिवाणूंकडून खाऊन घेता येतं. मोहरी, सूर्यफूल लावून धातू शोषून घ्यायचा प्रयोगही करतात, पण ते पीक मग गुरांना घालायचं नाही. हे सांगावं लागतं.

जमीन यादीत आली तर भाव पडेल. गप्प बसलेलं बरं नाही का?

हे विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. पोरीच्या लग्नाला गुंठे विकायचे असतात. पण बाहेरच्यानं रात्री येऊन टाकलं आणि तुम्ही कळवलं नाही, तर उद्या मंडळाच्या कागदावर जागेचा ताबेदार म्हणून तुमचंच नाव दिसतं. वेळेवर दिलेल्या अर्जाची पोच हीच तुमची ढाल. आणि स्पेंटवॉश किंवा भरावाची वाळू पैसे घेऊन स्वतः टाकून घेतली असेल, तर माझ्याकडं येऊ नका, आधी वकिलाकडं जा.

महाराष्ट्राच्या हद्दीतून येतं. मग कुणाला सांगायचं?

दोघांनाही. शिनोळीचा औद्योगिक भाग चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. तिथला अर्ज महाराष्ट्राच्या मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला. पलीकडची गाडी अलीकडं येऊन ओतून गेली तर माती आपली, म्हणून आपल्या पंचायतीला आणि बेळगावच्या कार्यालयालाही. पंचगंगेचं पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळून पुढं आपल्याच तालुक्यांत येतं, तेव्हा हा प्रश्न काही नवा नाही. दोन मंडळं एकमेकांकडं बोट दाखवू लागली तर त्यांच्यातला वाद सोडवणं हे कायद्यानं केंद्रीय मंडळाचं काम आहे. तिसरी प्रत दिल्लीला.

राष्ट्रीय हरित लवादाकडं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायपीठाकडं, जायची वेळ आली तर सीमेची गंमत पुन्हा दिसते. शिनोळीच्या माणसाचा खटला पुण्याच्या खंडपीठाकडं, आणि तीन-चार मैलांवरच्या आपल्या माणसाचा चेन्नईला. प्रदूषण थांबवा म्हणायचं असेल तर कारण घडल्यापासून ६ महिन्यांत जावं लागतं, भरपाई किंवा जमीन पूर्ववत करून मागायची असेल तर ५ वर्षांत. वर सबळ कारण असेल तर ६० दिवस. भरपाई मागितली नाही तर फी १००० रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का.

प्लॉट किंवा जुनी शेड घेतोय. काय बघू?

उताऱ्यावर यातलं काही दिसत नाही. ईसीवरही (बोजाच्या दाखल्यावरही) नाही. जुने उपग्रह फोटो पाहा, खड्डा कधी भरला ते कळतं. शेजारच्या चहावाल्याला विचारा आधी तिथं काय चालायचं. फरशीवर हिरवट-पिवळे डाग, कोपऱ्यात फुटक्या टाक्या दिसल्या तर तिथली माती तपासूनच इसार द्या.

अर्ज मराठीत चालतो का?

घटनेच्या कलम ३५० प्रमाणं गाऱ्हाणं मांडायला देशात किंवा राज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा चालते. खिडकीवरचा कारकून नको म्हणाला तर हे कलम त्याला सांगता येतं. पण तुमचं काम व्हायचं असेल तर कन्नड किंवा इंग्रजी प्रत वर आणि मराठी खाली, असं द्या. भांडण भाषेचं झालं की ओढ्यातली राख कुणाच्या लक्षात राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोच घेताना शिक्क्यावरची तारीख वाचता येते का बघा, आवक नंबर पेनानं लिहून घ्या, आणि तिथल्या तिथं फोटो काढा. अर्ज लिहून घ्यायला येताना उतारा, फोटो आणि सर्व्हे नंबर घेऊन या. बाटली घरीच ठेवा.